धाकट्या राणीचं शेवटचं पान

प्रिय मावशी,

जयभीम. तुझ्या कादंबरीची मुद्रितं आली आहेत. उद्या तपासून परत पाठवायची. शेवटच्या पानावर हात अडलाय, म्हणून तुलाच लिहितोय.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या वाचनाचे, महिने चालू आहेत. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनला विहार कुठला? दर रविवारी आमच्या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, चार घरं जमतात, वाचन होतं. आठवडाभर कारखान्यात उभं राहून पाय भरून आलेले असतात, तरी बसतो. यंदा तुझ्या कादंबरीतल्या दोन राण्या वाचल्या.

कपिलवस्तूच्या त्या सख्ख्या बहिणी! थोरली बाळाला जन्म देऊन गेली. धाकटीने आपलं तान्हं दाईकडे दिलं आणि बहिणीचं छातीशी धरलं. हे तुला कुठून सुचलं, ते मी का विचारू? आई गेल्यावर तू आमच्या घरी आलीस ती माझ्याचसाठी ना?

एकदा शाळेतून येऊन मी दारातूनच "आई, भूक!" म्हणून ओरडलो. तू भाकरी थापायची थांबलीस. "आई भिंतीवर आहे, बाळू. मी मावशी. तिचं तेवढं तरी राहू दे." रोज त्या फोटोला फूल वाहायचीस. स्वतःला मात्र जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलंस. का गं?

तुझ्या शेवटच्या पानावर राजवाडा सोडून गेलेला मुलगा परत येतो. म्हाताऱ्या राणीसमोर उभा राहून म्हणतो, "मावशी."

परवाच्या रविवारी सगळ्यांसमोर मी वाचलं, "आई."

"नाइन, पापा!" लेक नकारार्थी मान हलवत, पानावर बोट ठेवून म्हणाली. "मावशी!" मराठीत उत्तर न देणारी पोरगी, पण देवनागरी शिकवली ना मी! जमलेल्यांतल्या कांबळेवहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, राहू द्या की तसंच. बरं वाटलं ऐकायला."

तेव्हापासून लाल पेन उघडतो, मिटतो. एक शब्द तर बदलायचा. तू आता अडवायलाही नाहीस. पण तू नाहीस म्हणूनच बदलवत नाही. बहिणीला दिलेली जागा तू हयातभर राखलीस. ती मी एका रेघेने कशी काढून घेऊ? फार थकलोय गं.

मुद्रितं उद्या जातील. तुझा शब्द तसाच छापला जाईल, हे वचन. मात्र दर वर्षावासात ते पान मीच वाचणार. तेव्हा तोंडून जे येईल ते येईल. लेक टोकेल. टोकू दे.

थोरलीचा आणि तुझा,
बाळू