मेंढरांमागे गेलेल्यांची हजेरी

जुन्नर,
शुक्रवार, दुपार

प्रिय म्हस्कू,

आधी हे वाचून घे: सुंदरा आणि हिरा, मायलेकी दोघी घरी आहेत, सुखरूप आहेत. हे वाक्य सगळ्यात वर लिहिलं, म्हणजे पुढचं तुला धीरानं वाचता येईल.

हे पत्र चिमाजीच्या हाती देतो आहे. तो पीठमीठ न्यायला गावात आलाय आणि उद्या सकाळी मढवरून घाट उतरून तुमच्या तळावर परत येईल. तुझा हा चुलतभाऊ मला म्हणाला, "सर, चिठ्ठ्या कुठं पाठवताय या जमान्यात, फोन लावा की." तुला मी किती फोन लावले ते त्याला सांगितलं नाही. एकदाच लागला. तेव्हा तू "रेंज न्हाई राव, मागनं बोलतो" असं इतक्या स्वच्छ आवाजात बोललास की मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. समोर भेटलास तरी तू चहा सांगणार आणि चाऱ्यापाण्याच्या गोष्टी काढणार. म्हणून हे लिहून पाठवतोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. सावलीला बस आणि सावकाश वाच. तुझं वाचून होईपर्यंत थांब, असं चिमाजीला बजावलंय.

यंदा शाळेत मला एक नवं काम लागलंय. मुलांचं समुपदेशन. सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं पुण्याला, जायला कुणी तयार नव्हतं, तर मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही शांत आहात, तुम्ही जा. परत आल्यावर मला एक खोली मिळाली. खेळाच्या सामानाची. भिंतीला टेकून लेझीम, कोपऱ्यात तांदळाची पोती आणि मध्ये दोन खुर्च्या. पोरांनी आठवड्याभरात तिचं नाव 'रडायची खोली' ठेवलं. पहिला महिना कुणी फिरकलं नाही. एकच जण आला, तो कवायतीतून सुटका मिळेल का ते विचारायला. मी दुपारची नमाज पढून तिथं बसायचो आणि पोती मोजायचो.

त्या प्रशिक्षणात एक बाई होत्या, त्यांनी सांगितलेलं एकच मी नीट धरलं. त्या म्हणाल्या, हजेरीपटात गैरहजेरीचं कारण लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, आधी पोर डोळ्यांनी बघा. आपल्या शाळेत ते कारण कसं लिहितात तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर तुमच्यातलं पोर दिसेनासं झालं की शेऱ्यात लिहायचं, 'मेंढरांमागे'. गुरुजी लिहायचे, आता आम्ही लिहितो. एकदा तो शब्द लिहिला की काम संपलं. पोर पावसाळ्याच्या तोंडावर आलं तर आलं.

तुला ते जांभळीचं झाड आठवतं? कुकडीच्या काठचं. सहावीत मोठ्यानं वाचताना तू अडायचास आणि वर्ग हसायचा. एके दिवशी तू शाळेच्या वाटेवरून वळलास तो थेट त्या झाडाखाली जाऊन बसलास. संध्याकाळी मला म्हणालास, "दस्तगीर, घरी सांगशील तर दोस्ती तुटली." दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तुझं नाव पुकारलं आणि मी उभा राहून सांगितलं, मेंढरांमागे गेलाय, गुरुजी. पुढं रोज सांगितलं. मला वाटायचं, मी किती पक्का दोस्त. घरी वाटत होतं तू शाळेत आहेस, शाळेत वाटत होतं तू रानात आहेस, आणि तू झाडाखाली खडे मांडत बसला होतास. चार महिन्यांनी नाव कमी झालं आणि तू खरोखरच मेंढरांमागे गेलास. मी मास्तर झालो. तू मला कधी बोल लावला नाहीस. यात्रेत भेटलास की मिठी मारून सगळ्यांना सांगायचास, "ह्यो माझा वर्गमित्र, लई हुशार." तेव्हा मला कुठं बघावं कळायचं नाही.

आता हिराबद्दल लिहितो. ती माझ्याच वर्गात आहे, नववी ब. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी दिसली. तू चिमाजीच्या कळपाबरोबर घाट उतरून गेलास हे कानावर आलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू स्वतःची मेंढरं विकलीस, पोरगा जालिंदर कंपनीत लागला आणि 'आबा, आता पुरे' म्हणाला म्हणून विकलीस, हेही मला माहीत होतं. तरी मी विचार केला नाही. वाटलं, पोरगा गेल्यावर यांचं घर पुन्हा जुन्या वाटेला लागलं असेल. पेन उचललं आणि लिहिलं. एकतीस दिवस लिहिलं, म्हस्कू. माझ्याच अक्षरात. तुझ्या घरी येऊन बघितलं असतं तर एका दिवसात कळलं असतं. पण जालिंदरच्या मातीला आलो, तिसऱ्याला आलो, आणि नंतर आलोच नाही. काय बोलावं ते सुचत नव्हतं. शब्द नाहीत म्हणून माणूस मित्राच्या दारात जात नाही, आणि अशाच माणसाला दुसऱ्यांचं दुःख ऐकायला शाळेनं खोली दिलीय.

जानेवारीत चिमाजी असाच पिठासाठी आला होता. बाजारात भेटला. मी सहज विचारलं, हिराचा तिकडं अभ्यास होतो का रे. तो म्हणाला, "हिरा कुठं आमच्यासंगं, सर? म्हस्कू एकलाच आलाय. पोरगी शाळंत जाती की."

तसाच गाडी काढून तुझ्या वस्तीवर गेलो. सुंदरा ओट्यावर बसली होती, विहिरीकडं तोंड करून. मला बघून डोक्यावर पदर घेतला. हिराचं विचारलं तर म्हणाली, "शाळंत गेली ना. डबा घिऊन गेली." पाणी प्यालो. गाडी घराच्या मागं लावली होती, तिकडं निघालो, आणि तुझ्या रिकाम्या मेंढवाड्याच्या काट्यांतून मला निळा रंग दिसला. शाळेच्या ओढणीचा. हिरा आत बसली होती. तुझं जुनं घोंगडं अंगाखाली, दप्तर मांडीवर. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी काटा सारून आत गेलो आणि तिच्याशेजारी बसलो. तिथून काय दिसतं ते मी बघितलं. सुंदराची पाठ दिसते, आणि तिच्या पलीकडं विहिरीचा कठडा. हिरा कुजबुजत बोलली. "सर, आय दिवसातनं दोन-तीनदा कठड्यावर जाऊन बसती. दादाची चप्पल मांडीवर घिऊन. घरी ऱ्हायले तर खेकसती, मला राखण बसलीस का म्हणती. म्हनून मी शाळंत जाते असं दावून मागनं हितं येते." मग म्हणाली, "मी हाय म्हनून ती कठड्यावरनं उठती का, ते मला म्हाईत न्हाई. पण मी नसले आन् ती उठली न्हाई तर?"

चौदा वर्षांची आहे ती, म्हस्कू. एकतीस दिवस ती तिथं बसली होती, आणि मी तिकडं वर्गात एक शब्द लिहून पुढच्या नावाकडं जात होतो.

नंतर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, आबांना सांगू नका, ते आधीच आपलं दुःख घिऊन लांब गेल्यात. शपथ घ्या, सर. जणू तूच बसला होतास समोर, जांभळीखाली. तोंडाशी 'बरं' आलं होतं. मी गिळलं. म्हणालो, पोरी, ही गोष्ट मी झाकणार नाही, आणि आजपासून ही राखण तुझ्याकडं नाही. ती लई रागावली. चार दिवस माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रागावू दे. ते मला चालतं.

त्या दिवशी मी वस्ती सोडली नाही. घरी गुलशनला फोन करून तिला बोलावून घेतलं. गावातल्या आशा-सेविका लंकाबाई, त्याही आल्या. निरगुडसरहून सुंदराचा भाऊ संपत आला, त्यानं दोन दिवसांत विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि तिथंच मुक्काम केला. गुलशन दुपारी जाते, दोघी मिळून वाटाणे सोलतात. माझी बायको किती बोलते तुला माहीत आहे. सुंदरा पहिल्यांदा बोलली ती तिला गप्प करायलाच. "जरा दम घे की बाई," म्हणाली. त्या दिवशी गुलशन घरी येऊन हसली आणि मग रडली.

मंचरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आहेत. दोनदा घेऊन गेलो. त्यांनी सुंदराला घाईनं काही विचारलं नाही. हे वेड नव्हे, म्हणाल्या, दुःखात आजार शिरलाय आणि तो बरा होणारा आहे. गोळ्या चालू आहेत. झोप लागते. तिथंच तिनं दहा महिन्यांत पहिल्यांदा जालिंदरचं नाव घेतलं. आणि तुझंही. म्हणाली, "त्यांना रानात चुकलेलं कोकरू सापडतं. आमी दोघी घरात बसलेल्या सापडत न्हाई." हे लिहू की नको, फार विचार केला. पण ती तुझी बायको आहे आणि तिचं बोलणं तुला मिळायला हवं.

आणखी एक तिनं सांगितलं, तेही लिहितो. चैत्रात यात्रेच्या आदल्या दिवशी तू जालिंदरला फोन केला होतास. काय बी कर, पण पालखीला ये, म्हणालास. आणि तो मोटरसायकलवर निघाला. हे तू कुणाजवळ बोलला नाहीस, माझ्याजवळही नाही. म्हस्कू, बाप पोराला सणाला बोलावतो. रोज कितीतरी बाप बोलावतात आणि पोरं येऊन पोचतात. तुझं बोलावणं प्रेमाचं होतं. रस्त्यावर अपघात झाला तो तुझ्या बोलावण्यानं झाला नाही. ज्याच्यापुढं मी पाच वेळा वाकतो आणि ज्याच्या नावानं तू भंडारा उधळतोस, तो हा हिशोब तुझ्याकडं मागत असेल असं मला वाटत नाही. मी दुवेत रोज जालिंदरचं नाव घेतो. अलीकडं तुझंही घेतो.

हिरा आता शाळेत येते. सोमवारी ती स्वतःहून रडायच्या खोलीत आली आणि तांदळाच्या पोत्यावर बसली, खुर्ची सोडून. बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग विचारलं, "सर, आबापन माझ्यासारखंच लपून बसल्यात का?" सहावीतल्यासारखं उभं राहून 'मेंढरांमागे गेलाय' म्हणणं सोपं होतं. पण आता तुझ्या वतीनं मी ते म्हणणार नाही. तेव्हा म्हटलं आणि तुझी शाळा गेली. त्याची माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. मंचरच्या बाईंनी येत्या गुरुवारी सुंदराबरोबर तुलाही बोलावलंय. सुंदरा कुणाला काही म्हणत नाही, पण काल तिनं तुझा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला. चिमाजी बुधवारी पुन्हा गावात येणार आहे, येताना त्याची गाडी मोकळी असते, मागं बसायला जागा आहे. जांभळीखाली तुला बोलवायला मी आलो नव्हतो. ते बोलावणं आज या पत्रातून करतो. चल, घरी. हिराला उत्तर तू दे.

बाकावर तुझी जागा अजून धरून बसलेला,
तुझाच
दस्तगीर