येसूचा घास

कर्जत

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, येसूचं दूध आटलंय. पोर आता रडतसुद्धा नाय.

घाट चढणाऱ्या गाडीला जादा इंजिन जोडायचं माझं काम. कधी दुपारी सुटतो, कधी दिवेलागणीला. मी घरी येऊन जेवल्याबिगर तुझी सून पेजेचा घोटसुद्धा घेत नाय. "मी कामावर जेवतो, तू खात जा," म्हटलं, तर म्हणते, "तुमी जेवलात हे मी कुठं बघितलं? आत्याबाईंनी शिकवलंय तसंच करणार." काल चुलीपुढं चक्कर येऊन पडली. डोळे उघडले आणि मलाच विचारलं, "जेवलात?"

तू म्हणशील, मीबी अशीच राहिले. राहिलीस. बा भाताची गाडी घेऊन पनवेलला जायचा, तू उपाशी वाट बघायचीस, आणि माझी धाकटी बहीण तुझ्या मांडीवर सुकत गेली. तिला नजर लागली, असं आपण सगळ्यांना सांगितलं.

हे पत्र टपालात टाकलं तर कुणीतरी तुला चारचौघांत वाचून दाखवील, म्हणून टाकत नाय, मीच येऊन तुला एकटीला वाचून दाखवतो. उद्या बैलगाडीनं येसूला आणि पोराला कळंबला तुझ्याकडं आणतो. बा शेतावरनं यायच्या आधी, येसूच्या समोर, तू जेव.

तुझा कान्हा