अखाजीच्या आत बूटकट

५ मार्च, जळगाव
मी बोलते, मीना लिहिते. मला अक्षर येत नाही आणि सुनेला मला नाही म्हणता येत नाही, म्हणून हे जमलं. मी लेकाचं नाव अख्खं घेते, ती 'प्र.' लिहिते. म्हटलं, नवऱ्याचं नाव अख्खं लिहिलंस तर काही बिघडत नाही. हसली. पुन्हा प्र.च.

तर काल प्र. म्हणाला, "माय, तू दुकानात बसलीस की पोरी दारातूनच मागे फिरतात." दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. मीना तिथे बायकांच्या जीन्स आणि टॉप विकते. परवा ती आत फोडणी टाकायला गेली, तेवढ्यात एक पोरगी आली, मॉम फिट मागितली. मी म्हटलं, आईला सोबत आण, अंगाला लावून बघू. गेली ती गेली.

प्र.चं म्हणणं, मी आता धुळ्याला थोरल्याकडे राहावं. तिथे तिसरा मजला, सगळी दारं बंद. शेजारणीची मी आजवर फक्त पाठ पाहिलीय. सांगितलं, अखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब. तोवर गिऱ्हाईक मागेल ते मी हातात काढून द्यायला शिकले नाही, तर आपल्या पायांनी बसस्टँडवर जाईन. लगेच हो म्हणाला. जिंकल्यासारखा.

९ मार्च
शिकवणी. मीना एकेक जीन्स खाटेवर टाकते, नाव सांगते, मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवते.
स्किनी म्हणजे शेवग्याची शेंग. घालताना बाई दमते, काढताना घरचे.
स्ट्रेट, केळीचा खांब. बूटकट गुडघ्यापर्यंत शहाणी, खाली मोकाट. वाइड लेग म्हणजे दोन परकर शेजारी शेजारी.
मॉम फिट कमरेला वर, मांडीला सैल. म्हणजे त्या पोरीला मी आईला आणायला लावलं ते... असो.
रिप्ड. नवी, पण फाटकी. यावर मी काही बोलणार नाही. मीना म्हणते, बोला, जागा आहे लिहायला. नाही बोलणार.

१३ मार्च
गल्लीत बिबडे घालायला बसलो. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापत मी तोंडातल्या तोंडात हाय वेस्ट, मिड वेस्ट, लो वेस्ट चालवलं होतं. समोरची कमलअक्का म्हणाली, कोणत्या देवाचा जप? म्हटलं, कमरेचा. दुपारपर्यंत सगळ्या बायका म्हणत होत्या. बिबडे मात्र गोल आले.

लेबल वाचता येत नाही, म्हणून डोळे मिटून पायाची मोहरी, खालचा घेर, चाचपते. बोटांना कळतं. मीना उलटसुलट करून फसवायला बघते. आज एकदाच फसले.

१९ मार्च, पाडवा
नवा माल आला. सकाळी मीना गुढीच्या गडबडीत. आपल्याकडे नवं कापड हळद लावल्याशिवाय अंगावर घालत नाहीत. मी वाटीत हळद कालवली आणि गठ्ठ्याची गाठ सोडून प्रत्येक जीन्सच्या कमरेला एकेक बोट लावलं. निळ्यांना, काळ्यांना. पांढऱ्यांनाही.

प्र. बघतच राहिला. म्हणाला, "माय, हा विकायचा माल आहे."
म्हटलं, "मग घेणारीचं चांगलं व्हायला नको?"
त्याने आत जाऊन धुळ्याला फोन लावला. थोरल्याला सांगत होता, खोली रिकामी करून ठेव. भिंत पातळ आहे आमची. श्रीखंड खाल्लं, पण चव नाही लागली.

२० मार्च
मीनाने डागांना साबण लावला. पिवळ्याचं उलट लालभडक झालं. तिच्या डोळ्यांत पाणी. तिने हौसेने निवडलेला माल. म्हटलं, रडू नकोस, गच्चीवर टाक आणि विसर. माझ्या बाळंतपणातली हळद कुठे राहिली कापडांना?

२२ मार्च
गेले डाग. जळगावचं ऊन आहे, माणसाचा रंग ठेवत नाही तर हळदीचा काय ठेवील. प्र.ने प्रत्येक जीन्स उजेडात धरून पाहिली. "ठीक आहे," म्हणाला. धुळ्याचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. पण खोली रिकामी झालेली असणार.

४ एप्रिल
आज दोन कॉलेजच्या पोरी. एकीला क्रॉप टॉप, दुसरीला ओव्हरसाइज टीशर्ट. मीनाने हात मागे बांधले, मी काढून दिलं. वर विचारलं, "खाली कार्गो दाखवू?" एक दुसरीला म्हणाली, आजी भारी आहे. एकीचं आखूड, दुसरीचं ढगळ; दोघींचं कापड सारखं वाटलं असतं तर दोघींचं नीट झालं असतं. हे मी त्यांना बोलले नाही. बघ, धंदा येतोय मला.

१७ एप्रिल
हे नीट लिही, मीना. तू नव्हतीस.

मीना वरणगावला बहिणीकडे, प्र. डाळ मिलमध्ये कामावर. मी एकटी. साक्रीकडची एक बाई दोन लेकींना घेऊन आली. लेकी सासरहून अखाजीला झोके खेळायला आलेल्या, इथे मामाकडे उतरलेल्या. आई साडी मागते, लेकी भिंतीवरच्या जीन्सकडे बघतात. मी विचारलं तर धाकटी कानाशी येऊन सांगते, बाजारात गेलो होतो, नाव सांगता येईना, दुकानातला पोरगा हसला.

मला माझी मॉम फिट आठवली. आपल्या अहिराणीत म्हटलं, "लाजू नको माय. आठे बठ्ठं शे." इथे सगळं आहे म्हणत एकेक हातात दिली, नाव म्हणायला लावलं. बूटकट. स्ट्रेट. हाय वेस्ट. दोघी पडद्यामागे गेल्या आणि हसण्याचा आवाज यायला लागला.

आई कुरकुरत होती, सासरचे काय म्हणतील. अखाजीला काय जीन्स नेसतात?
मी म्हटलं, "झोक्यावर लुगडं उडस का नही? एका हातानं दोर, दुसऱ्यानं निऱ्या. जीन्स उडत नही. दोन्ही हात दोर धराले मोकळे."

ती बाई मग हसली. तिला तिचा झोका आठवला असणार. म्हणाली, दोघींना दे. थोरलीला बूटकट, धाकटीला स्ट्रेट. जाताना धाकटी गल्लीतून मोठ्याने नावं म्हणत गेली, आता कुणी हसून बघा अशा आवाजात.

वळून बघते तर प्र. दारात. जेवायला आलेला. कधीपासून उभा होता कोण जाणे. विचारलं, "तुला काय दाखवू? स्किनी नाही होणार तुला." तो खाली पडलेल्या जीन्सच्या घड्या घालायला बसला. चुकीच्या घातल्या. मी पुन्हा घातल्या.

१९ एप्रिल, अखाजी
सांजोऱ्या झाल्या. दुपारी धुळ्याहून थोरल्या सुनेचा, सुरेखाचा फोन. तिला तिच्या घरी हेच जीन्सचं दुकान सुरू करायचंय. इमारतीतल्या बायका दुपारी येतील म्हणे. "आई, तुम्ही या ना शिकवायला. खोली तयारच आहे." म्हणजे तिथली दारं उघडायची किल्ली आता माझ्याकडे.

प्र.ने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाला, "वहिनी, माय कुठे येत नाही. दुकान कोण बघेल?"

ऐकलंस ना, मीना? लिहिलंस?

सुरेखाने संध्याकाळी पुन्हा फोन केला. मी सांगितलं, कळवते. तेव्हापासून प्र. माझ्याभोवती चहा घेऊन फिरतोय. मीना विचारते, मग जाणार की राहणार, काय लिहू?
लिही, माय विचार करतेय.