न्हाणीच्या दारावरची टकटक

आई,

आपली न्हाणी आता नवी झाली आहे. गच्चीवर सोलर बसवलं आणि वीज खाणारा तो जुना गीझर काढून टाकला. नळांच्या तोंडांना बारीक जाळ्या आहेत. धार भरघोस दिसते, पण पाणी कमी पडतं. संडासाच्या टाकीला दोन बटणं आहेत, एक थोड्या पाण्याचं आणि एक जास्त पाण्याचं. सोलरचं गरम पाणी येईपर्यंत आधी जे गार येतं त्याला वेगळी बादली लावते आणि त्यात फरशी पुसते. तू असतीस तर एकेका वस्तूपुढे उभी राहून "किती पाणी पितंय हे?" असं विचारलं असतंस. कमी पितं, आई. सगळंच कमी पितं.

हे काम आम्ही कधीच करून घ्यायला हवं होतं. ज्या लातुरात नळाला पाणी येणार म्हटलं की माणसं लग्नाला जायची थांबतात, तिथं गळका नळ ठेवायचा म्हणजे निलाजरेपणाच. ह्यांनी तर किती वेळा म्हटलं, "पाणी वाहून चाललंय आणि तू काय मुहूर्त बघून राहिलीस का?" मी काहीतरी कारण सांगायचे. खरं कारण तू होतीस. त्या भिंतींना हात लागला तर तू जाशील, असं मला वाटायचं. हे मी ह्यांनाही कधी बोलले नाही.

ह्याच न्हाणीतला तो रविवार तुला आठवतो? मी कॉलेजात होते, शिकेकाई सोडून नुकती शाम्पूवर आले होते आणि आत गाणी म्हणत केस धूत होते. तू दारावर टकटक केलीस. तुझी ती ठरलेली रीत, एकदा जोरात आणि लगेच एकदा हळू, जणू पहिल्या टकटकीची तुलाच लाज वाटली. मी लक्ष दिलं नाही. मग पाणी एकदम थांबलं. तू बाहेरचा कॉक फिरवला होतास. मी डोळे मिटून, तोंडभर फेस घेऊन ओरडते आहे आणि तू बाहेरून शांतपणे म्हणते आहेस, "बस आता तशीच. पाणी काय वरून पडून राहिलंय का?" जरा वेळानं दार बोटभर उघडतं आणि फटीतून तांब्या आत येतो. "एवढ्यात होतंय." मी रडत रडत त्या एका तांब्यात केस धुतले. झाले की गं. ह्याचाच मला जास्त राग आला होता. निलंग्याकडच्या ज्या गावात तू वाढलीस तिथं उन्हाळ्यात आडाच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरावं लागायचं, हे मला तेव्हा माहीत होतं, पण ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

तू गेलीस. तेरावं झालं, पाहुणे गेले. एका दुपारी मी न्हाणीत होते. संडासाच्या टाकीचं पाणी सोडलं आणि नळाखाली तोंड धूत राहिले. तेवढ्यात मागे टकटक झाली. एकदा जोरात, एकदा हळू. मी म्हटलं, "झालंच, आई." आणि नळ बंद केल्यावर आठवलं, तू नाहीस. दार उघडलं तर बाहेर कुणी नाही. त्यानंतर कधी रोज, कधी आठ-आठ दिवस नाही. हे म्हणायचे, पाइपात हवा असेल. मी हो म्हणायचे आणि नळ बंद करायचे. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण दोन-चार दिवस आवाज आला नाही की त्याहून जास्त भीती वाटायची.

शेवटी संडासाची टाकीच तडकली आणि मिस्त्रीला बोलवावं लागलं. ह्यांनी मग सगळंच काम काढलं. मिस्त्रीनं झाकण उचललं, आत हात घातला आणि हसायलाच लागला. "ताई, विटा लई बघितल्या, बाटल्या बघितल्या. ह्ये पहिल्यांदाच बघून राहिलो." त्याच्या हातात आपला वरवंटा होता. शेवाळलेला, हिरवा. तेवढी जागा वरवंट्यानं अडवली की प्रत्येक वेळी तेवढं पाणी वाचतं, हे तू कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतंस. आम्हाला म्हणालीस, "फुटला, दिला टाकून." माझ्या लेकीच्या बारशाला पाळण्यात ठेवायला शेजारच्या काकूंकडून वरवंटा मागून आणला, तेव्हा तूच मांडीवर घेऊन त्याला कुंकू लावत होतीस. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तुझ्या! संडासाच्या टाकीत वरवंटा, हे त्या बायकांना कळतं तर बारसं राहिलं असतं बाजूला. मिस्त्रीनं तो टाकीत पुन्हा आडवा ठेवून दाखवला. पाणी सुटलं की तो कधी कधी गडगडायचा, टाकीला आपटायचा, मागे येऊन पुन्हा हळूच लागायचा. तू होतीस तेव्हाही वाजत असेल, पण तेव्हा आम्ही ती तुझीच टकटक समजत असू. मी तिथंच पायरीवर बसून हसले. मग इतकी रडले की मिस्त्री बिचारा घाबरून ह्यांना हाका मारायला लागला.

नवी टाकी चांगली आहे. तिला दगड लागत नाही आणि ती आवाजही करत नाही. न्हाणीत आता इतकं शांत असतं की मला आत जावंसं वाटत नाही. वरवंटा घासून खिडकीत ठेवला आहे. काल अंघोळ झाल्यावर मी नळ मुद्दाम चालू ठेवला. बादली भरली, वाहायला लागली. मी दाराकडे बघत उभी राहिले. ती टकटक कशाची होती हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी उभी राहिले. शेवटी वरवंटा उचलला आणि आतून मीच दारावर टकटक केली. एकदा जोरात, एकदा हळू. बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय गं, काय पाहिजे?" "काही नाही," म्हणाले आणि नळ बंद केला.

हा कागद त्या वरवंट्याखालीच ठेवणार आहे. बाकी काही नाही, आई, काल बादलीभर चांगलं पाणी मी जाणूनबुजून वाया घालवलं. आता तरी रागाव.