दुधीची पहिली फोड

मुलुंड (पूर्व),
२५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मालन हिस,
जयवंतदादाचे अ. उ. आ.

परवा तू फोन केलास तेव्हा नितेशने तो माझ्या कानाला धरला, पण मला नुसती खरखर ऐकू आली. विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनशेजारी काढल्यावर कान एवढेच उरतात. तेव्हा आपलं पत्रच बरं, त्यात कोणाला ओरडावं लागत नाही.

बातमी अशी, की गेल्या दीड महिन्यात तुझ्या भावाने विस्तवावर शिजलेलं काहीही पोटात घातलेलं नाही. हसू नकोस. सकाळी दुधीचा रस, दुपारी मोड आलेले मूग, काकडी, कोबी, ओलं खोबरं, संध्याकाळी फळं. आमच्या बागेत नंदकुमार सर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचं निसर्ग मंडळ आहे. फी नाही, काही विकणं नाही. माणूस बहात्तर वर्षांचा आणि शीर्षासन करतो. ते म्हणतात, शरीरात साठलेलं विष कच्च्या अन्नाने आपोआप बाहेर पडतं. माझं वजन सहा किलो उतरलंय. तीन मजले न थांबता चढतो. तुझी वहिनी गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न होता, तोही सुटला.

साखरेच्या गोळ्या मात्र बंद केल्यात. सरांचं मत असं, की शरीराला कुबड्या दिल्या की ते चालायचं विसरतं. श्रुतिका तोंड वाकडं करते, पण सून गुणी आहे, रस न चुकता काढून देते.

तुझं सकाळचं चहा-खारी चालूच असेल. वाट लागणार आहे तुझी. मी शंभरीचा झालो की भेटायला येईन, तोवर टिकून राहा.

लोभ असू दे, तो शिजवलेला असला तरी चालेल.

तुझा दादा


बोरिवली (पूर्व),
३ मार्च २०२४

ती. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा काळजीत पडले. वहिनीच्या मटणाचा वास जिन्यात आला की चपला न काढता पाटावर बसणारा माणूस तूच ना रे? पण खरं सांगते, मला तुझा अभिमान वाटला. सत्तरीला आलेले, बायको गेलेले पुरुष मी या सोसायटीत बघते. दिवसभर टीव्हीसमोर बसून सुनांच्या चुका मोजतात. तू उठून बागेत गेलास, जिभेवर ताबा ठेवलास. मला चार दिवस साखरेशिवाय चहा पिता येत नाही.

झाडपाल्याच्या मी विरुद्ध नाही, हे तुला ठाऊक आहे. माझ्या गॅलरीत अडुळसा आहे, गवती चहा आहे, पानओवा आहे. बिल्डिंगमधल्या अर्ध्या पोरांना सर्दी झाली की माझाच काढा जातो. पण खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई तीन आठवडे खोकत होत्या, तेव्हा मी काढा दिला नाही. हाताला धरून एक्स-रेला नेलं. सहा महिने औषध चाललं. आता खणखणीत आहेत आणि जिन्यातून मला मोठ्याने हाका मारतात.

ते विषाचं मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. कुठलं विष, त्याचं नाव काय, हे सरांना एकदा विचार. यकृत आणि मूत्रपिंडं काय सत्तर वर्षं गप्पा मारत बसली होती? तू गाजर खा, मूग खा, मी टाळ्या वाजवीन. पण गोळ्या अशा आपल्या मनाने सोडू नयेत रे. निदान साखर तपासून घे आणि आकडा मला कळव.

माया आहेच, ती आठवड्याला एका पत्राने ताजी ठेव.

तुझी मालन


मुलुंड (पूर्व),
११ एप्रिल २०२४

चि. सौ. मालन हिस,
दादाचे अ. उ. आ.

काल या घरात न घडावं ते घडलं. श्रुतिकाने आख्खा दुधी कचऱ्यात टाकला. कारण काय, तर कडू लागला! अगं, परवा पाडव्याला आपण कडुनिंबाची पानं चावून खाल्ली, ती काय पेढ्यासारखी होती? कडू म्हणून कोणी ती फेकली का? औषध कडूच असायचं. तुझी वहिनीही दुधीची फोड चाखून बघायची, पण तिला भाजी करायची असायची. हा रस आहे. तो एका दमात प्यावा, जिभेला विचारू नये, असं सर शिकवतात.

मी तिला स्पष्ट सांगितलं, की माझं औषध फेकणाऱ्या हाताचं मला पाणीसुद्धा नको. तेव्हापासून बोलणं बंद आहे. रस आता मंडळातच पिणार. एकवीस तारखेला, रविवारी, सामुदायिक शुद्धी आहे. प्रत्येकी दोन ग्लास. उलटी झाली तर चांगलंच, विष बाहेर पडलं असं समजायचं.

तू तरी माझी बाजू समजून घेशील या भरवशावर लिहिलं आहे. तो भरवसा राख.

तुझा दादा


(याच पाकिटात)

ती. आत्यांस,
श्रुतिकाचा सा. न.

पाकीट चिकटवून पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवतेय. बाबांचं पत्र वाचलेलं नाही, पण आत काय असेल याचा अंदाज आहे.

आत्या, साखर मी घरीच तपासत होते. मंडळाच्या वहीत नोंद करायची आहे म्हटलं की बाबा बोट पुढे करायचे. उपाशीपोटी दोनशे चाळीस येतेय. बाबांना तो आकडा विष बाहेर पडतानाचा वाटतो. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, सहा किलो उतरले ते सगळे काही गाजराने उतरलेले नाहीत, वाढलेल्या साखरेनेही माणूस असाच झटकतो. पण बाबा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. नितेश आवाज चढवतो, मग ते आणखी हट्टाला पेटतात.

म्हणून मी वेगळंच केलं. माझं काम घरूनच असतं, तर दोन महिने दुपारी त्यांच्यासमोर बसून मीही कच्चंच खाल्लं. एकट्याने जेवणाऱ्या माणसाला कोणी काही सांगू शकत नाही. मूग बरे लागतात, पण कच्चा कोबी शप्पथ घशाखाली उतरत नाही. थोडं थोडं ऐकायला लागले होते, आणि तेवढ्यात हा दुधी आला.

या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात आईंनी मला शिकवलं होतं, दुधी चिरला की पहिली फोड जिभेवर ठेवायची. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ही फोड ठेवली आणि पाच मिनिटं तोंड जळत राहिलं. टाकून दिला. तेव्हापासून बाबा माझ्याकडे बघतही नाहीत. त्याचं वाईट वाटतंच, पण भीती दुसरीच आहे. रविवारी मंडळात कोण चव घेणार? मी अडवायला गेले तर ते मुद्दाम पितील. तुमचं मात्र ऐकतात.

तुमच्या मायेवर हक्क सांगून लिहिलं आहे, राग मानू नका.

श्रुतिका


बोरिवली (पूर्व),
१५ एप्रिल २०२४

ती. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

आज मी तुझ्या आहाराबद्दल एक शब्द लिहिणार नाही. गोळ्यांबद्दलही नाही. फक्त एक जुनी गोष्ट सांगते.

कडुनिंब कडूच असतो. दुधी कधीच कडू नसतो. कडू झाला, तर त्याच्यात काहीतरी बिघडलंय. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आपण घाटकोपरच्या चाळीत होतो, तू दुसऱ्या पाळीला गेला होतास. वहिनीने दुधीची भाजी केली, ती कडू निघाली. टाकायला जीव होईना म्हणून आम्ही दोघींनी नाक दाबून चार-चार घास खाल्ले. तासाभरात दोघी जमिनीवर लोळत होतो. शेजारणीने दवाखान्यात नेलं, रात्रभर सलाईन लागलं. तू विचारलंस तेव्हा वहिनीने पाणी बाधलं म्हणून सांगितलं. भाजी फेकता येत नव्हती का, म्हणून तू चिडला असतास, एवढंच. त्या दिवसापासून तिने चव घेतल्याशिवाय दुधी शिजवला नाही. सुनेलाही तेच शिकवलं असणार.

मला एक शब्द दे. रविवारी ग्लास तोंडाला लावण्याआधी एक थेंब जिभेवर ठेव. बेचव लागला तर चार ग्लास पी, मी काही बोलणार नाही. कडू लागला तर पिऊ नकोस. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही, हे मागते.

लोभ ठेवच, पण आधी स्वतःला नीट ठेव.

तुझी मालन


मुलुंड (पूर्व),
२४ एप्रिल २०२४

चि. सौ. मालन हिस,
दादाचे अ. उ. आ.

मी ठीक आहे, हे आधी लिहितो.

रविवारी सकाळी बागेत आम्ही नऊ जण होतो. सरांनी घरून मोठ्या बरणीत रस आणला होता. तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला होता असं नाही, पण तू मागितलं होतंस, म्हणून ग्लासात बोट बुडवून जिभेला लावलं. मालन, असं कडू मी जन्मात चाखलेलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, कोणी पिऊ नका. लोक काहीतरी बोलत होते, हसत असावेत. मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी सांगतच राहिलो. ऐकू आलं असतं तर लाजून खाली बसलो असतो. सात जणांनी ग्लास खाली ठेवले. सरांनी मात्र माझ्याकडे बघत आपला ग्लास रिकामा केला. इतकी वर्षं शिकवलेलं सगळ्यांसमोर मागे घेणं त्यांना जमलं नसेल.

पंधरा मिनिटांत ते पोट धरून बसले. उलटी झाली तेव्हा दोघंतिघं खूश झाले, शुद्धी सुरू झाली म्हणून. दुसऱ्या उलटीत रक्त होतं. तरी सर हाताने थांबा, थांबा करत होते. मी त्यांना सरळ उचलून रिक्षात घातलं. मंडळातल्या राजारामला म्हटलं, श्रुतिकाला फोन लाव, नंबर मला पाठ आहे. दुसरं कोणाचं नाव मला सुचलंच नाही.

आम्ही पोचलो तर ती हॉस्पिटलच्या दारात उभी. राजारामला तिने बरणी आणायला परत पिटाळलं आणि डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काय प्यायलं हे लोक सांगत नाहीत आणि त्यातच वेळ जातो. सर दोन दिवस आयसीयूत होते. आता धोका नाही. श्रुतिका सरांच्या पत्नीचा हात धरून दुपारपर्यंत बसली होती. माझ्याशी बोलली नाही. कशी बोलेल? बोलणं मीच बंद केलं होतं.

तू मागितलंस म्हणून आज मी लिहू शकतोय. तुझा लोभ किती कामाचा असतो ते कळलं.

तुझा दादा


मुलुंड (पूर्व),
६ मे २०२४

ती. आत्यांस,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

नंदकुमार सर काल पहिल्यांदा बागेत आले, काठी टेकत. मीही बाबांबरोबर गेले होते. सरांनी बसायला नकार दिला. उभ्यानेच सगळ्यांना सांगितलं, की मी चुकलो, तुम्हा आठ जणांचा जीव माझ्या हातून गेला असता. मग खिशातून यादी काढली. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्या त्यांची नावं होती. त्या प्रत्येकाच्या घरी ते स्वतः जाऊन डॉक्टरकडे चला म्हणून सांगतायत. मला त्यांचा फार राग होता, आत्या. काल तो गेला. एवढा मान असलेला माणूस चारचौघांत असं बोलतो, हे मी याआधी पाहिलेलं नाही.

मंडळ चालू आहे. चालणं, आसनं, मोड आलेली कडधान्यं. रस आणि शुद्धी बंद. बाबा स्वतःहून डॉक्टरकडे आले. मूत्रपिंडं ठीक आहेत. डॉक्टरांनी त्यांच्या चालण्याचं भरभरून कौतुक केलं आणि गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. चिठ्ठी बाबांच्या खिशात आहे. गोळ्या अजून आणलेल्या नाहीत, मीही विचारलेलं नाही.

आता माझ्याशी सगळं बोलतात. पेपरमधलं, पाण्याच्या वेळेचं. फक्त त्या दिवशी म्हणाले होते त्याबद्दल काही नाही. मी वाट बघत नाहीये, असं रोज स्वतःला बजावते. तुम्ही त्यांना काही लिहू नका हं.

माझ्यावरची माया अशीच आगाऊ देत राहा.

श्रुतिका


मुलुंड (पूर्व),
१२ मे २०२४

चि. सौ. श्रुतिका हिस,

एकाच घरातून एकाच घरात पत्र, म्हणून हसशील. पण बोलून सांगायला गेलो तर तिन्ही मजल्यांना कळेल. हळू बोलता मला येत नाही.

त्या दिवशी तुझ्या हाताबद्दल जे बोललो ते चूक होतं. मी ते मागे घेतो. बागेत तो थेंब जिभेला लागला, तेव्हा मला मरणाची भीती नाही वाटली. आधी आठवलं ते माझं वाक्य. ज्या हाताने मला वाचवलं, त्याच हाताचं पाणी नको म्हणालो होतो.

मालनचं पत्र काल आलं. तू लिहू नकोस म्हणून तिला बजावलं होतंस म्हणे, पण माझ्या बहिणीला गप्प बसता येत नाही. दोन महिने तू माझ्यासमोर बसून कोबी चावत होतीस तेव्हा मला वाटायचं, सून मंडळाच्या मार्गाला लागली. तुला तो घशाखाली उतरत नव्हता हे मला दिसलं नाही. तुझ्या सासूने चाळीस वर्षं माझ्या ताटात पडणारी प्रत्येक फोड आधी स्वतः चाखली, ते दिसत असून कशासाठी ते कळलं नव्हतं. तिला सांगायचं राहून गेलं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून लिहायला बसलो.

सकाळी जाऊन गोळ्या घेऊन आलो. रोजची गोळी तू काढून दे. मी तुझ्याच हातची घेईन, आणि पाणीही.

वडीलधाऱ्यांनी पत्रात आशीर्वाद लिहायचा असतो. तो तुला आहेच. पण आज आधी माझा नमस्कार घे.

बाबा