लोखंडापाशी तारा अडतो

बोरीवली,
मंगळवार, ११ नोव्हेंबर १९८६

प्रिय शुभा,

रविवारी घाटकोपरला तुझ्या घरी जेवताना तू विचारलंस, की वर हवाच नाही तर मग सूर्य जळतो कसा. मी तोंड उघडलं आणि तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "व्याही, सूर्य राहू द्या, आमटी निवतेय." सगळे हसले, मीही हसलो. पण अर्धवट उत्तर मला पचत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तर सूर्य जळत नाही. जळतो तो शेगडीतला कोळसा. सूर्याच्या पोटात दाब आणि उष्णता इतकी, की हायड्रोजनचे चार गाभे मिळून शेवटी हेलियमचा एक होतो. त्या एकाचं वजन चौघांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. किती कमी? हजारात सात भाग. 'थोडंसं' असलं मोघम मी लिहिणार नाही. तेवढ्याची ऊर्जा होऊन बाहेर पडते आणि तुझ्या गॅलरीतले कपडे वाळतात. मॅट्रिक नापास माणसाला हे समजायला ग्रंथालयातलं एकच पुस्तक पुन्हापुन्हा आणावं लागलं, पण समजलं ते पक्कं.

सूर्याहून कितीतरी मोठे तारे आणखी पुढे जातात. हायड्रोजन सरला की हेलियमचा कार्बन, मग ऑक्सिजन, सिलिकॉन, असं करत लोखंड. तिथे गाडी अडते. लोखंड जोडायला गेलं तर ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची जाते. गाभा क्षणात कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो, आणि आत शिजलेलं सगळं आकाशभर उधळतं. त्याच धुळीतून पुढे आपली पृथ्वी. चारकोपच्या कारखान्यात मी रोज लेथवर कापतो ते लोखंड तिथलं. गरम कीस बोटाला चावला की मी म्हणतो, अरे, तुझी रग अजून जिरली नाही का!

तुझ्या रक्तातलं लोहही तिथलंच. आता खरं ते लिहितो. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट मला तुमच्या फडताळात दिसलं, एकही गोळी न काढलेलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी बाळ काळं होतं. तुझी नखं पांढरीफटक झालीत. गर्भारशीपुढे असलं काढू नये म्हणतात, म्हणून तिथे गप्प बसलो. पण सुगंधा, तुझी आई, तापाने गेली हे खोटं गं. तू झालीस तेव्हा तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. तिच्याही गोळ्या तशाच पडून होत्या, याच समजुतीपायी, आणि आम्हा कुणालाच काही कळत नव्हतं. तेव्हापासून मी वाचायला लागलो. आधी रक्ताबद्दल, मग लोहाबद्दल. ताऱ्यांपर्यंत पोचलो तो त्याच वाटेने. बाळ काळं होवो नाहीतर गोरं, मला तू हवी आहेस. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, हवं तर माझ्या नावाने बोटं मोडू देत. आणि आता ऊठ, लिंबू पिळून पाणी घे, त्याच्यासोबत गोळी गिळ. चहासोबत नको, लोह अंगी लागत नाही.

वाट बघणारा तुझा बाप,
भाऊ