उकाड्याला चिनीत काय म्हणतात

टाकानिनी, ९ मार्च

प्रिय सुमती,

अनेक आशीर्वाद. माझं ब्लडप्रेशर ठीक आहे. राग आला की वाढतं, आणि राग रोज येतो.

कौमुदीला शाळेत चिनी आहे. यंदाचा पाठ उन्हाळ्याच्या शब्दांचा. शेजारच्या लिन आजींकडून ती सगळं शिकून आली. कोंदट उकाड्याचा दिवस म्हणजे 'सॉनाचा दिवस'. ऋतू पालटल्यावर परतून येणारं ऊन म्हणजे 'शरदातला वाघ'. इथे मार्चात शरद लागतो, म्हणून सध्या तोच वाघ आहे, आणि इंद्रनीलच्या नव्या घरात एक पंखा नाही.

मी म्हटलं, "आपल्याकडेही काहिली आहे, रखरख आहे, तलखी आहे."

"टू हार्ड, आजी."

वर चिरंजीव म्हणतात, "आई, तिला उगाच कन्फ्यूज करू नकोस."

दहा वर्षांच्या पोरीला चिनी झेपतं, आजीची भाषा झेपत नाही. मग लिन आजींचा नातू कसा घडाघडा चिनी बोलतो, असं मी चिडून विचारलं.

इंद्रनील म्हणाला, "लिन आजींना इंग्रजी येत नाही. भूक लागली तरी त्याला चिनीतच सांगावं लागतं. तू तर कौमुदीला रागावतेससुद्धा इंग्रजीत."

माझ्या तोंडी आलेलं उत्तर इंग्रजीच होतं, म्हणून गिळलं. कॉन्व्हेंटच्या नन्सनी घोटून घेतलेल्या त्या इंग्रजीचा मला केवढा तोरा.

तुझे गुडघे कसे आहेत? व्यायाम टाळू नकोस.

कालपासून मला इंग्रजी येत नाही. पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात. ते कुठे आहेत, असं कौमुदीने आज तीनदा इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजी पेपर वाचत बसले. चौथ्यांदा म्हणाली, "आजी, टॉग्ज कुठे आहेत?"

तेवढं मी चालवून घेतलं.

तुझी,
ताई